ताटापुढचा चौकोन

ऑफिसात तिला सगळे चौकोनबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण सकाळी कोणी जिन्यात विचारलं, ‘आज चौकोन कसा आहे?’ तर प्रश्न कोणाबद्दल आहे हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना कळायचं. उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं : तापलाय.

रागाच्या बाबतीत तिने कधी काटकसर केली नाही. दूधवाला म्हणाला ‘दूध ताजं आहे बाई’, की ती विचारायची, ‘आहे, की असतंच?’ बस थांब्यावर कोणी म्हणालं ‘येईल आता’, की तिच्या कपाळावर आठी पडायची. ‘येईल म्हणजे? येऊ शकते, की येणारच?’ समोरचा माणूस आधी गोंधळायचा, मग हसायचा, आणि हसला की ती जास्त चिडायची. आपण विनोद करतो असं लोकांना वाटतं याचा तिला सगळ्यात जास्त राग होता.

तिचे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. घरात पुस्तकं म्हणाल तर शाळेची तेवढीच. त्यातून ही मुलगी गणित शिकली, मग तर्कशास्त्र, आणि एका कॉलेजात बारा-पंधरा वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. शेवटी वर्गात तीनच विद्यार्थी उरले होते, आणि त्यातला एक पंख्याखाली बसायला यायचा. विषय बंद झाला. तर्कशास्त्राची बाई कोणाला हवी असते? पण नशिबाचा भाग असा की शाळांच्या जेवणाच्या खात्याला नेमकी तशीच बाई हवी होती, आणि तसं माणूस मिळतं हे त्यांना माहीत नव्हतं.

झालं होतं असं. शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांचं दुपारचं जेवण एका मोठ्या स्वयंपाकघरात व्हायचं. तिथला कारभार एका कंपनीचा प्रोग्राम बघायचा, जेवण पोचवणाऱ्या गाड्यांचा दुसऱ्या कंपनीचा, आणि शाळेतल्या वाढपाच्या खिडकीचा तिसऱ्या. तिघांची भाषा वेगळी. एक ज्याला जेवण म्हणे त्याला दुसरा खोका म्हणे आणि तिसरा नग. जेवण निघायचं स्वयंपाकघरातून आणि हरवायचं शब्दांत. म्हणून ठरलं की तिघांचा मिळून एक सामाईक कोश करायचा, आणि तिन्ही प्रोग्रामनी त्या कोशाला बांधून घ्यायचं. तो कोश करायला ही आली.

कोश म्हटल्यावर साहेबांना वाटलं होतं, शब्द आणि त्याचा अर्थ. तिने दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर वाक्यं लिहायला घेतली आणि वाक्यांच्या पुढे आकृत्या काढल्या. वाक्यापुढे चौकोन, म्हणजे असं असलंच पाहिजे, कुठल्याही दिवशी. चौकोन कोपऱ्यावर उभा केला की त्याला ती पतंग म्हणायची. पतंग म्हणजे असं असू शकतं, एखाद्या दिवशी का होईना. आणि पुढे काहीच नसेल तर : आज असं आहे. बस्स. उद्याचं उद्या.

‘एक दिवस बघू नका,’ ती तिन्ही कंपन्यांच्या पोरांना सांगायची. ‘तुमचा प्रोग्राम जे जे दिवस घडू देतो ते सगळे बघा. जे दिवस अजून उगवले नाहीत तेही. त्यातल्या एकाही दिवशी चौकोनाचं वाक्य मोडता कामा नये. याला बांधिलकी म्हणतात. कोशातले शब्द वापरले म्हणजे बांधिलकी होत नाही. पोपटही शब्द वापरतो.’

पोरं मान डोलवायची आणि बाहेर जाऊन चहा पीत हवेत चौकोन काढायची. ते तिला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र ऑफिसात फार कमी लोकांना माहीत होती. हे चौकोन आणि पतंग तिने कॉलेजात शिकवले खरे, पण ते तिच्या अंगात मुरले घरी, किराणा दुकानातल्या फळीपुढे उभं राहून.

ती धाकट्या भावाकडे राहायची. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. भावजय, भाऊ, ती, आणि भावाची मुलगी. मुलीचं लाडाचं नाव ठिणगी, आणि ते नाव कोणाच्या वळणावर गेलं यावर घरात वाद नव्हता. ठिणगी चार वर्षांची असताना शेजाऱ्यांकडे एक बिस्किट खाऊन आली. बिस्किटात शेंगदाणा होता. ओठ सुजले, मग निळे पडले, मग तिला श्वास घेता येईना. आयुष्यभर लोकांच्या लिफ्टा चालू करून देणारा तिचा बाप त्या दिवशी लिफ्टची वाट न बघता तिला खांद्यावर टाकून जिन्यावरून पळत सुटला होता. ती वाचली. त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक पुडा आधी वाचला जायचा. पुड्याच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरात, छापलेलं असायचं : शेंगदाण्याचे अंश असू शकतात.

‘हा बघ पतंग,’ आत्या म्हणायची आणि पुडा परत फळीवर ठेवायची.

आता ठिणगी दहा वर्षांची होती आणि शाळेत दाराजवळच्या टेबलावर जेवायची. त्या टेबलाला मुलांनी डबाटेबल असं नाव ठेवलं होतं. ज्यांना अमुक चालत नाही, तमुक चालत नाही, ती मुलं घरून डबा आणून तिथे बसायची. ठिणगीच्या वर्गातलं दुसरं कोणीच तिथे नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ठरणारं सगळं, कोण कोणाची मैत्रीण, खेळात कोण कोणाच्या गटात, हे लांबच्या टेबलावर ठरायचं, आणि ठिणगीला ते वर्गात परत गेल्यावर कळायचं. ‘तुम्ही मला काहीच सांगत नाही,’ असं ती भांडायची, आणि मैत्रिणी म्हणायच्या, ‘तू नव्हतीसच.’

म्हणून त्या सोमवारची घरात किती वाट बघितली जात होती ते काय सांगावं.

सोमवारपासून वाढपाच्या खिडकीत ॲलर्जी असलेल्या मुलांच्या नावापुढे दिवा लागणार होता. ताट सुरक्षित असेल तर हिरवा. हिरवा लागला की मुलाने ताट घ्यायचं आणि हवं तिथे बसायचं. दिवा शाळेचा प्रोग्राम लावणार, पण स्वतःच्या जिवावर नाही. स्वयंपाकघराचा प्रोग्राम जे सांगेल ते कोशातून घेऊन.

शुक्रवारी संचालकांनी बैठक घेतली. माणूस वाईट नव्हता. फक्त ‘नाही’ हा शब्द त्याच्या घशातून उतरत नसे, वरच्यांसमोर तर नाहीच. पाहुणे ठरले होते, फोटोवाले ठरले होते. त्याने जाहीर केलं की तिन्ही प्रोग्राम तपासणीत उत्तीर्ण झाले.

चौकोनबाईंनी विचारलं, तपासलं कसं?

गेल्या महिन्याची सगळी माहिती कोशावरून फिरवली, तो म्हणाला. एकही वाक्य मोडलं नाही.

‘मी गेला महिनाभर जिन्यावरून पडले नाही,’ ती म्हणाली. ‘मग कठडा काढून टाकायचा का?’

कोणीतरी हसलं. तिने त्या दिशेला पाहिलं, तसं ते हसू जागच्या जागी वाळलं. मग ती बरंच बोलली. जे झालं ते तपासणं म्हणजे बांधिलकी तपासणं नव्हे, पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतायचं, हिरवा दिवा म्हणजे शेंगदाणा ‘नाही’ असं नव्हे तर ‘असूच शकत नाही’ असं आहे, आणि ते असूच शकत नाही हे कोण कशाच्या आधारावर म्हणतंय ते मला दाखवा. संचालक घड्याळाकडे बघत राहिले. स्वयंपाकघराचा प्रोग्राम लिहिणारा एक शांत, किडकिडीत तरुण होता. सगळे त्याला पाकवाला म्हणत. तो म्हणाला की त्याचा प्रोग्राम ‘असूच शकत नाही’ असंच सांगतो, चौकोनासकट. आणि आधारही देतो. उद्या स्वयंपाकघरात या, दाखवतो.

तिचा विश्वास बसला नाही. हिरवा रंग सगळ्यांनाच लावता येतो, ती मनात म्हणाली. उद्या याची हजेरीच घेते.

घरी गेली तर ठिणगीने शाळेच्या जेवणघराचा नकाशा काढला होता. कुठल्या बाकावर कोण, आणि मध्ये स्वतः. भावजय म्हणत होती की सोमवारपासून मी उजाडेपर्यंत झोपणार, घर पेटलं तरी उठवू नका. सहा वर्षं ती रोज अंधारात उठून डबा करत आली होती. आत्या नुसती म्हणाली, ‘अजून नक्की नाही गं.’

‘तुला कशातच नक्की नसतं,’ ठिणगी म्हणाली, नकाशावरून डोळे न उचलता.

शनिवारी ती स्वयंपाकघरात गेली ती पदर खोचूनच म्हणा. जागा मात्र नाव ठेवण्यासारखी नव्हती. ओल्या फरशीवर कण दिसत नव्हता, मोठमोठी पातेली पालथी घालून निथळत ठेवलेली, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. मधोमध पीठ मळायचं यंत्र होतं, त्याचं भांडं एवढं की त्यात एक माणूस मांडी घालून बसावा. सकाळी त्यात शेंगदाण्याच्या बिस्किटांचं पीठ मळून झालं होतं. ते कोणी लपवत नव्हतं, इतर मुलं बिस्किटं आवडीने खायची. आता यंत्र धुऊन झालं होतं आणि पावाचं पीठ पडायच्या बेतात होतं.

ती थांबली. वर यंत्राच्या पोटातून मळणीचा दांडा खाली यायचा, आणि तो जिथून बाहेर येतो तिथे एक रबराची चकती होती. तिने विचारलं, हात लावू का? मुख्य आचारीण म्हणाली, लावा की, डोळ्यांदेखत धुतलंय. तिने चकतीच्या कडेखाली बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर बदामी रंगाचा तेलकट थर होता. तिने वास घेतला. घेण्याची गरज नव्हती.

आचारीण कावरीबावरी झाली. चकती उघडायला कारागीर लागतो, तो महिन्यातून एकदा येतो, धुण्यात आमची कसूर नाही, असं ती सांगत राहिली, आणि ते खरंही होतं. कसूर तिची नव्हती. चौकोनबाईंनी बोट रुमालाला पुसलं नाही. ते तसंच उभं धरून, एखाद्याला दम द्यावा तसं, ती पाकवाल्याच्या केबिनकडे निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि, खरं सांगायचं तर, त्या आगीत थोडं सुखही होतं. आपलं म्हणणं खरं ठरण्याचं सुख. ती त्याला सोलून काढणार होती.

‘हे बघ,’ तिने बोट त्याच्या नाकापुढे नेलं. ‘पावात शेंगदाणा असूच शकत नाही, नाही का? कुठून आणलास हा चौकोन? कोणी दिला तुला?’

पाकवाल्याने बोट पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि पावाच्या नावावर टिचकी मारली. प्रोग्रामने आपला आधार उलगडला. तीनच ओळी होत्या.

पावाच्या पाककृतीत शेंगदाणा असूच शकत नाही.
ताटात तेच असतं जे पाककृतीत असतं, नेहमीच.
म्हणून पावाच्या ताटात शेंगदाणा असूच शकत नाही.

प्रत्येक ओळीपुढे चौकोन होता. पहिली ओळ पाकवाल्याची. ती खरीच होती. शेंगदाणा घातला तर ती पाककृती त्या पावाची राहतच नाही. तिसरी ओळ पहिल्या दोघींतून आपोआप निघत होती, त्यातही खोट नव्हती. मधली ओळ कोशातली होती. कोश जिने केला तिची.

तिला ती ओळ लिहिल्याचं आठवलं. खात्यात नवी असताना, जेवणानंतरची सुस्ती, टेबलावर थंड झालेला चहा. स्वयंपाकघर पाककृतीबद्दल बोलत होतं आणि शाळा ताटाबद्दल. दोघांच्या मध्ये पूल हवा होता. तिने वाक्य लिहिलं, आणि ते इतकं सरळ, इतकं उघड वाटलं की हात न थांबता त्याच्यापुढे चौकोन निघाला. तेव्हा तिने स्वयंपाकघर पाहिलंही नव्हतं. दूधवाल्याला उभ्या उभ्या घाम फोडणाऱ्या बाईने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं : असतं, की असतंच?

‘बाई,’ पाकवाला म्हणाला, ‘मी तुमचाच शब्द पाळला.’

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला तिच्याकडे उत्तर होतं. तो साधं सांगत होता. तपासणी खोटी नव्हती, प्रोग्राम खोटा नव्हता. बांधिलकी अगदी चोख होती, उगवलेल्या आणि न उगवलेल्या सगळ्या दिवसांसाठी, आणि ज्याला सगळे इतके चोख बांधले गेले होते तेच चूक होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि आड तिनेच खणलेला.

तिने तिथूनच संचालकांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, मग एक दीर्घ उसासा सोडला. सोमवार होऊ दे, म्हणाले, मग बघू. व्यवहारात एवढ्याशाने काही होत नाही. ती म्हणाली की व्यवहारात एवढ्याशानेच होतं, आणि कसं होतं ते तिने जवळून पाहिलंय. ते चिडले. क्वचितच चिडत, पण आता चिडले.

‘अहो, तुमचाच चौकोन ना? दोन वर्षं आमचं डोकं खाल्लंत की चौकोन कधी मोडत नाही. मग आता कसा मोडला?’

‘मोडला नाही,’ ती म्हणाली. ‘तो नव्हताच. मी काढला होता नुसता.’

फोन ठेवून ती पाकवाल्याच्या खुर्चीत बसली. कोशात फेरफार करायचा अधिकार अजून तिचा होता. तिने मधली ओळ उघडली, चौकोन पुसला. मग वाक्यच बदललं : ताटात पाककृतीबाहेरचंही काही असू शकतं. पुढे पतंग काढला. तिचा राग आता इतका जवळ आला होता की तो कोणावर करायचा हेच तिला समजत नव्हतं. बोटाचा तेलकट डाग कळफलकाला लागला आणि तिला तो कळफलक उचलून आपटावासा वाटला.

‘सगळेच दिवे जातील, बाई,’ पाकवाला म्हणाला. ‘पावाचाच नाही. भात, सूप, सगळं.’

‘जाऊ देत.’

ती कळ दाबून मागे सरली. दिवे एकदम गेले नाहीत. प्रोग्राम एकेक पदार्थ नव्याने तपासत होता, आणि एकेक हिरवी टिकली लाल होत खाली येत होती. सूप, भात, पाव, उकडलेले बटाटे. लाल रंग फळांपर्यंत आला तेव्हा तिने मान फिरवली. फळंसुद्धा त्याच ओट्यावर कापली जात.

तिने संचालकांना लिहून कळवलं की वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं यंत्र मिळालं, आणि त्या खोलीत शेंगदाणा शिरूच शकणार नाही अशी व्यवस्था झाली, तर त्या खोलीतल्या ताटापुढे चौकोन काढता येईल. तोवर नाही. उत्तर संध्याकाळी आलं, फोनवर. सोमवारपासून कोश दुसरं कोणीतरी बघेल. तुम्ही भांडारात बसा. झाडू, टोप्या, हातमोजे. आणि जुनी ओळ परत आणतोय.

पण ती ओळ परत आली नाही. कारण ती परत आणली तरी कोणीतरी तिला नव्याने बांधून घ्यायला हवं होतं, आणि पाकवाला नको म्हणाला. काल मला माहीत नव्हतं, आज मी ते बोट पाहिलंय, आता कसं म्हणू, एवढंच तो म्हणाला असं तिला नंतर कळलं. संचालकांनी त्याच्या कंपनीला धमकावून पाहिलं. कंपनीने आपल्या वकिलांना विचारलं आणि मग कंपनीही गप्प झाली.

रविवारी घरात सांगायची वेळ आली. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, सगळं, मधल्या ओळीसकट. भावजयीच्या हातातली सुरी थांबली. ती उठली आणि जेवणाचा डबा मांडणीवरून काढून ओट्यावर असा आदळला की झाकण गडगडत दारापर्यंत गेलं. भावाने तोंड सोडलं. म्हणाला, तूच लिहिलंस, तूच पुसलंस, आणि मध्ये पोरीला आशा लावलीस. ताई, तुझं ते शास्त्र तुझ्यापाशी ठेव. यंत्र धुतात ना? इतर शाळांत मुलं जेवतात ना? तुझ्या रागापायी पोर त्या दाराशी किती दिवस बसवायची?

‘तू लिफ्टच्या खाली खड्ड्यात उतरतोस,’ ती म्हणाली, ‘तेव्हा लिफ्ट वर थांबलेली आहे एवढं बघून उतरतोस का?’

त्याने निवडलेली भाजी उगाच पुढे ओढली.

‘बोल ना. थांबलेली असतेच की. दिसते डोळ्याला. मग फ्यूज काढून खिशात कशाला घालतोस? विश्वास नाही लोकांवर?’

भावाने खिशावर हात नेला, सवयीने, आणि खाली आणला. फ्यूज खिशात न घालता उतरलेला त्याचा एक सोबती होता. त्याचं नाव या घरात कोणी काढत नसे, आणि आज तिनेही काढलं नाही. मग तो म्हणाला, ‘पोरीला तू सांग. मला नाही जमणार.’

ठिणगीने ऐकलं होतंच. ती न्हाणीघरात शिरून आतून कडी लावून बसली होती. आत्या दाराबाहेर जमिनीवर बसली आणि दाराला सांगत राहिली : यंत्र, चकती, स्वतःची चूक. तिने ‘माफ कर’ म्हटलं नाही, कारण तिला अजून राग आलेला होता, आणि रागात म्हटलेलं खरं वाटत नाही. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मग नळ बंद झाला.

‘इतरांच्या आत्या काहीतरी आणतात,’ आतून आवाज आला. ‘तू फक्त नाही आणतेस.’

सोमवारी कार्यक्रम झाला. दिव्यांचा नाही, नव्या ताटांचा. संचालकांनी ऐन वेळी फलक बदलून घेतला. चौकोनबाई भांडारात हातमोजे मोजत बसली होती आणि दर थोड्या वेळाने मोजणी चुकत होती. दुपारी संचालक स्वतः जिना उतरून आले. त्यांच्या हातात तपासणीचा कागद होता. त्यांनी त्या दिवशीच्या पावाचा, सूपचा, भाताचा नमुना सकाळीच प्रयोगशाळेत पाठवला होता. शेंगदाण्याचा मागमूसही नव्हता. कशातच नाही.

‘बघा,’ ते म्हणाले. ते जिंकल्यासारखे नाही, दुखावल्यासारखे बोलत होते. ‘काही नव्हतं हो. उगाच.’

‘नव्हतं. मला मान्य आहे.’

‘मग?’

‘होतं असं मी कधी म्हणाले?’ तिचा आवाज चढला, भांडारातला माणूस वळून बघू लागला. ‘साहेब, तुम्ही एक दिवस तपासलात. तो चांगला निघाला. पोरगी काय एकच दिवस जेवणार आहे?’

ते मान हलवत निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना तिला समजलं की हे आता असंच राहणार. जे झालं असतं ते झालं नाही, आणि जे झालं नाही ते दाखवता येत नाही. ताट निर्मळ निघालं म्हणून ती खोटी, आणि ताट निर्मळ निघालं नसतं तर... तो विचार तिने तिथेच तोडला, आणि हातमोज्यांचा गठ्ठा इतक्या जोरात फडताळात कोंबला की मागचं फळकूट निखळलं.

घरी गेली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी तो कागद टाकला होता, खाली कोणीतरी लिहिलं होतं की एका बाईच्या हट्टापायी मुलं उपाशी. उपाशी कोणी नव्हतं. भाऊ फोन पालथा घालून बसला होता. भावजयीने आत्यासाठी खुर्ची सरकवली नाही तशी बाजूलाही केली नाही. ठिणगी टेबलाशी होती, पुढ्यात सकाळचा डबा, बंद. शाळेत तिने तो उघडलाच नव्हता.

‘नव्हता ना त्यात?’ ठिणगीने विचारलं. ‘शेंगदाणा.’

‘नव्हता.’

‘म्हणजे मी खाल्लं असतं तर काही झालं नसतं.’

‘नसतं झालं.’

‘सगळ्यांबरोबर बसले असते.’

‘हो.’

‘मग?’

भाऊ मान वर करून बघू लागला. आत्याला वाटलं, इथे आता काहीतरी मऊ बोलायला हवं. इतर कोणीही बोललं असतं. तिने शोधून पाहिलं, सापडलं नाही.

‘मग काही नाही,’ ती म्हणाली. ‘आज परत विचारलंस तरी नाहीच म्हणेन. उद्याही. ती खोली होईपर्यंत रोज म्हणेन. तू हवं तेवढं चिड.’

ठिणगी तिच्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते पण ती ते पुसत नव्हती. पुसले असते तर हरल्यासारखं झालं असतं. मग तिने डबा ओढला, झाकण काढून बाजूला फेकलं, आणि सकाळचं गार अन्न खायला लागली. भावजय उठली, गरम करून देते म्हणाली, तिने हात आडवा केला. घास मोठे घेत होती, नीट चावत नव्हती, आणि एकदाही नजर खाली करत नव्हती. आत्या समोर बसली होती, तीही हलली नाही, दोघींच्या कपाळावर एकाच जागी आठी पडलेली. एक घास घशात अडकला. ठिणगी खोकली, आणि घरातले तिघंही एकाच क्षणी उठले, भावाची खुर्ची मागे पडली. पण ते नुसतं घाईचं खोकणं होतं. ठिणगीने घास गिळला.

‘पाणी,’ ती म्हणाली. ‘आत्या’ म्हणाली नाही, ‘दे’ म्हणाली नाही, नुसतं ‘पाणी’.

आत्याने ते आणून दिलं.